बर्फातला पूल

वर्तक वारल्यावरही आम्ही तिघे मेंढीकोटला त्यांचे पत्ते वाटायचो. त्यांचा हात वर्तकवहिनी खेळायच्या. पत्ते वर्तकांनीच हौसेने मागवलेले. प्रत्येक पानावर जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांतला वेगळा देखावा. इस्पिक दश्शीवर बर्फातला निर्मनुष्य पूल होता. ती हाती आली की वर्तक म्हणायचे, "इथे एकदा जायचंय."

काल ती वहिनींच्या हातात आली. पान टाकता टाकता त्या थांबल्या.

"काय झालं, वहिनी?"

त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. पुलाच्या पलीकडच्या टोकाशी एक पाठमोरा माणूस होता. डोक्यावर तपकिरी माकडटोपी. वहिनींनी विणलेली ती टोपी आम्ही वर्तकांबरोबर चितेवर ठेवली होती.

वहिनींनी हातातले पत्ते पालथे ठेवले.

"आता यांचे पत्ते वाटू नका," त्या म्हणाल्या. "पोचले हे."