शेवटचं नाव सरेपर्यंत

दिवे मालवले तसा वसुमतीबाईंनी आपला डावा कान सुप्रीताकडे केला. लेकीला त्यांनी मुद्दामच डाव्या बाजूला बसवलं होतं. आजवर त्या खुर्चीत भगवंतराव, सुप्रीताचे अण्णा, बसत आले होते. पडद्यावरचं इंग्रजी ऐकायचं आणि त्याचं मराठी करून बायकोच्या कानात सांगायचं, हा त्यांचा शिरस्ता. अंतराळातल्या त्या कॅप्टनच्या सिनेमाचे सहा भाग बाईंनी असेच पाहिले होते, अर्धे डोळ्यांनी आणि अर्धे कानांनी. भगवंतरावांना जाऊन पाच महिने झाले, आणि सातवा भाग लागला.

सुप्रीताला खरं तर यायचं नव्हतं. कोरमंगलातल्या ऑफिसात डबे उघडले की याच सिनेमावर वाद रंगायचा. दुसऱ्या भागात कॅप्टनची मुलगी जळत्या जहाजात मरते, तिथेच गोष्ट संपली, पुढचं सगळं ओढूनताणून चाललंय, हे मत सगळ्यांत ठासून मांडणारी तीच. पण परवा आईने स्वतःहून विचारलं, सातवा आलाय म्हणे? नवरा गेल्यापासून आईने काही मागितलं असं हे पहिलंच. सुप्रीताने रजा टाकली आणि दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली.

कॅप्टन आता म्हातारा झाला होता. केस पांढरे. एका दगडापाशी उभा राहून तो काहीतरी पुटपुटला. सुप्रीता आईच्या कानाशी वाकली.

"तो म्हणतोय, माझी पोर जहाजात जळाली त्याला आज तीस वर्षं झाली."

"नाही गं," वसुमतीबाई म्हणाल्या. "ती मागच्या दारानं निसटली. दुसऱ्या ग्रहावर आहे. अण्णांनी सांगितलंय."

सुप्रीताला हसू आलं. अण्णांचं इंग्रजी कचेरीतल्या पत्रांपुरतं, काहीतरी घोळ घातला असणार. सगळे भाग तोंडपाठ असलेल्या माणसाच्या ऐटीत तिने सांगून टाकलं, ती दुसऱ्या भागातच मेली, आई, अगदी समोर दाखवलंय.

आईचा कान तेवढा तसाच पुढे धरलेला राहिला.

दुसरा भाग कधी आला होता, हे सुप्रीताच्या मनात मग आलं. त्र्याण्णव साली. त्याच साली तिची अक्का गेली होती. चामराजपेटच्या घरी बाहेरच्या खोलीत दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो आहे, तीच ती चंदना. नऊ वर्षांची होती, चार दिवसांच्या तापात गेली. सुप्रीताचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आई जेवेना, कुणाशी बोलेना, म्हणून अण्णांनी तिला बळेच सिनेमाला नेलं होतं, एवढं मावशीच्या तोंडून तिने ऐकलं होतं. कुठल्या सिनेमाला, ते विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

आत काय दाखवणार आहेत ते अण्णांना तरी कुठे ठाऊक होतं? अंधारात बायकोच्या कानाशी तोंड नेलेलं, आणि पडद्यावर कुणाची तरी पोर जळतेय. काय सांगायचं माणसाने?  अण्णांनी पाच भाग सांभाळलेलं आपण एका वाक्यात मोडलं, याची तिला मनस्वी लाज वाटली.

शेवटी कॅप्टन एका छोट्या यानात एकटाच बसला आणि काळोखात निघाला. आता माझी वाट बघणारं कुणी उरलं नाही, असं तो म्हणाला.

"तो म्हणतोय," सुप्रीता क्षणभर अडखळली, "पोरीचा निरोप आलाय, तिला आणायला निघालोय. मघाशी माझंच चुकलं, आई."

पडदा काळा झाला. त्यावर ठळक अक्षरं उमटली: ही गाथा इथे समाप्त. काय लिहिलंय, असं आईने विचारलं. पुढचा भाग येणार आहे, असं सुप्रीताने सांगितलं.

नावं सरकू लागली. लोक उठून निघाले. सुप्रीताही उठली, तशी वसुमतीबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"स्वल्प बस. नावं संपू देत."

दोघी बसून राहिल्या. मग पडद्याकडेच बघत वसुमतीबाई म्हणाल्या, "मला इंग्लिश कळत नाही गं. आग कळते. त्याच दिवशी दिसलं होतं मला सगळं."

मग इतकी वर्षं अण्णांना तसं म्हणाली का नाहीस, सुप्रीताने विचारलं.

"कसं म्हणणार? सांगताना माझा हात घट्ट धरून ठेवायचे. आणि संपल्यावर उठायचेच नाहीत. शेवटचं नाव सरेपर्यंत पडद्याकडे बघत बसायचे, आता तरी येईल म्हणून. मग मीच म्हणायची, चला, पुढच्या भागात येईल. तेव्हा कुठे उठायचे."

शेवटचं नाव वर सरकून गेलं. पडदा पांढरा झाला. झाडू घेऊन आलेली बाई दोन ओळी मागे थांबली आणि संपलं अम्मा, असं कन्नडमध्ये म्हणाली. वसुमतीबाई हलल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या समोर बघत होत्या.

सुप्रीता त्यांच्या डाव्या कानाशी वाकली.

"चल आई. पुढच्या भागात येईल."

"सरी, चल," वसुमतीबाई म्हणाल्या, आणि खुर्चीचा हात धरून उठल्या.