वात शमवणारं ताट

दिवेलागण होऊन गेली तरी ऋजुता क्लासहून आली नव्हती. तिचा फोनही बंद होता. नीलाक्षीने पायांत चपला सरकवल्या.

"अहो, चला ना शोधायला!"

"येईल गं," ताकभात कालवत श्रीनिवास म्हणाला. मनगटावरच्या कड्याने नाडी पाहायची आणि भिंतीतल्या स्वयंपाकयंत्राने दोषानुसार वाढायचं, असं घरात सुरू झाल्यापासून त्याचं पित्त शमलं होतं. संताप गेला होता. पोरीची काळजीसुद्धा गेली, हे तिला आत्ता कळलं.

यंत्राने तिचं ताट पुढे सरकवलं. तूप घातलेली ऊन ऊन मुगाची खिचडी.

"घाबरलीस की तुझा वात वाढतो," श्रीनिवास म्हणाला. "दोन घास खा, मग निघू."

उपाशीपोटी घराबाहेर पडू नये, ही तिच्या आईची शिकवण. ती चपलांसकट टेकली.

पहिल्या घासाला हातांची थरथर थांबली. दचकून ती उठू लागली, पण हात दुसऱ्या घासाकडे गेलाच.

मग तिचं पायांकडे लक्ष गेलं. जेवताना चपला? तिने त्या दाराशी, ऋजुताच्या चपलांच्या रिकाम्या जागेशेजारी नीट लावून ठेवल्या आणि ती परत ताटावर येऊन बसली.