चिखलातली वाट

न्हाणीघरातली निळी फरशी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आत दुकानातला कागद अजून तसाच कोंबलेला.

दूरच्या कुठल्या समुद्रातून आलेल्या जहाजाचं शेवाळलेलं बूड.

आईचा डावा तळपाय, घमेल्यातल्या कोमट पाण्यात. पाणी लाल.

"बूट घाला म्हटलं होतं ना, आई," सून कापूस पिळत म्हणाली.

"बूट घातले की मी आंधळी. तुला डोळ्यांवर पट्टी बांधून तांदूळ निवडायला लावले तर?"

"तांदूळ पाय नाही कापत."

ओहोटी लागली की आई अनवाणी चिखलात उतरायची आणि तळपायांनी शिंपल्या शोधायची. पायाला गुळगुळीत उंचवटा लागला की वाकायचं, हात घालायचा. या तळपायांवर तिने घर चालवलं, एकुलता एक मुलगा वाढवला, त्याला गवंडी केला. आता चिखलभर परकी कालवं पसरली होती. सुरीच्या धारेची, उभीच्या उभी, एकमेकांना चिकटलेली. शिंपल्या त्यांच्याखाली गुदमरून मेल्या होत्या.

मत्स्यखात्याकडून पाहणीला आलेल्या बाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. किनाऱ्याकडच्या बाजूने काढून आणलेला कालवांचा एक झुबका त्यांच्या हातात होता.

"जहाजाच्या बुडाला चिकटून आली ही," त्या म्हणाल्या. "पिल्लू डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पाण्याबरोबर तरंगत येतं. मऊ चिखलात पडलं तर मरून जातं. त्याला चिकटायला टणक काहीतरी लागतं. एकदा एक चिकटलं, की त्याच्या पाठीवर दुसरं."

"मग उपटायची कशी?"

बाईंनी आवाज खाली आणला. "आता नाही निघायची, आजी."

बोलता बोलता त्यांनी झुबका उलटा केला. खाली निळी फरशी होती. टवका उडालेली.

"ही चिखलात कुठून आली?"

सुनेने तोंड उघडलं. आईने घमेल्यात पाय असा काही आपटला, की पाणी सुनेच्या तोंडावर उडालं.

"ती होय? पूर्वीपासून आहे," आई म्हणाली. "माझ्या सासूच्या वेळेपासून."

बाईंनी चकचकीत फरशीकडे पाहिलं, मग आईकडे. झुबका पुन्हा सुलटा करून खाली ठेवला.

दिवे लागताना मुलगा आला. कोपरापर्यंत सिमेंट. खांद्यावरचं पोतं त्याने दाराशी उतरवलं, तसं आत काहीतरी खणखणलं.

"एका बंगल्याचं न्हाणीघर फोडलं आज. सगळ्या फरश्या उचलून आणल्या." तो आईच्या पायापाशी उकिडवा बसला. पट्टीवरून हात फिरवला. "मागच्या वेळी निळ्या पुरल्या नाहीत, म्हणून चिखलातली तुझी वाट अर्ध्यावर राहिली. आता पार पाण्यापर्यंत नेतो. बघू तुझा पाय कालवावर कसा पडतो ते!"

सून आईकडे बघत राहिली.

"राहू दे," आई म्हणाली.

"राहू दे काय? पाय बघ तुझा."

"कंटाळा आला बाबा त्या शिंपल्यांचा. जन्मभर काय चिखलच तुडवायचा?"

"म्हणजे सोडलंस?"

"सोडलं. ओट्याला लाव त्या फरश्या. म्हातारपणी घर तरी चकचकीत बघू दे."

मुलाचा चेहरा उजळला. कित्येक वर्षं तो हेच सांगत होता. उठून तो लगेच ओटा वितीने मोजायला लागला. बाहेर भरतीचं पाणी चढत होतं, त्याच्याबरोबर डोळ्यांना न दिसणारं जे काही येत होतं ते येत होतं.

निळी वाट अर्ध्यापर्यंत घालून झाली त्या दिवशी आई मुलासमोर तिच्यावरून टोकापर्यंत मिरवत गेली होती. तो घरात गेल्यावर खाली उतरून चिखलातूनच परतली होती, आणि पुन्हा कधी त्या वाटेवर तिने पाऊल ठेवलं नाही.