हिरव्या थराखालचा अंगठा

अकरावी पाटी तिने टेबलाखाली सरकवली आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मान वर केली.

तिचं काम तपासणीचं. सर्किटच्या तांब्याच्या पाट्यांवर हिरव्या रंगाचा थर चढतो, भट्टीत पक्का होतो आणि मग माल तिच्या भिंगाखाली येतो. रंगाआधी तांब्याला उघडं बोट लागलं, तर ठसा थराखाली तसाच राहतो. अशी पाटी नापास. ती रंग उतरवायच्या टाकीत जाते आणि ठसाही धुऊन निघतो.

तिचा नवरा रंगाच्या मशीनवर होता. ग्लोव्ह घालायचं त्याच्या जिवावर यायचं. बोट उमटलंच तर "माझी सही आहे ती" म्हणून दात काढायचा. दोन महिन्यांपूर्वी कामावर येताना त्याला ट्रकने उडवलं.

ती कामावर परतली त्या दिवशी भिंगाखाली अंगठा दिसला. मधोमध आडवी चीर. घरी डब्याचं झाकण उघडताना कापलेला तो अंगठा तिला ओळखू येणार नाही, असं कसं होईल? ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. गिऱ्हाइकाने थांबवलेल्या ऑर्डरचा गठ्ठा रॅकमध्ये पडून होता, त्याच्या हातचा. तोच आता येतोय, असं तिने धरलं.

रोज एक पाटी यायची. तेवढ्यासाठीच ती सकाळी उठत होती.

रंगखात्यातल्या काकांकडे मात्र ती बघत नसे. ग्लोव्हवरून नवऱ्याला सगळ्यांसमोर फैलावर घ्यायचे, दोनदा तक्रारही केलेली. तो गेल्यावर भेटायलासुद्धा आले नाहीत. समोर आले की खाली मान घालून निघून जात.

दुपारी सुपरवायझरने टेबलाखालचा ढीग पाहिला. ती त्याच्या हातापाया पडली. ह्यांचा अंगठा आहे त्यावर, एक तरी राहू द्या, म्हणाली.

तो वाईट माणूस नव्हता. खुर्ची ओढून बसला.

"ताई, हा त्याचा अंगठा नाही. तो जुना गठ्ठा तुम्ही रजेवर असतानाच गेला. ह्या पाट्या गेल्या दोन आठवड्यांतल्या आहेत. कडेला तारीख बघा."

तिने तारीख पाहिली. अकरा दिवस ती कुणा परक्याच्या बोटाशी मनातल्या मनात बोलत होती. नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. मग चीर कुठून आली, हे तिला कळेना, आणि दुःखाची जागा संतापाने घेतली. काकांच्याच खात्यात कोणीतरी उघड्या हाताने माल हाताळतंय आणि उपदेश मात्र तिच्या माणसाला. आज त्यांना जाब विचारायचाच, म्हणून ती तरातरा निघाली.

रंगाच्या खोलीत पिवळा दिवा असतो, पांढऱ्या उजेडाने रंग बिघडतो. दाराच्या पिवळ्या काचेतून तिने आत पाहिलं. काका एकटेच होते.

त्यांनी उजव्या हातातला ग्लोव्ह काढला, अंगठ्यावरची भरत आलेली चीर ब्लेडने पुन्हा उघडली, रक्त थांबेपर्यंत फडक्यात दाबून धरली आणि मग तो अंगठा कोऱ्या तांब्यावर हलकेच टेकवला.