पावणेनऊ तास

"वादळात अठरा मिनिटं उपग्रहाशी संपर्क तुटला. बोटीवरच्या खलाशाची हाक किनाऱ्यापर्यंत पोहोचलीच नाही आणि तो बुडाला," चौकशी अधिकारी म्हणाले. "या संपर्काचं गणित तुमचंच ना?"

"माझंच," इंजिनिअर म्हणाली.

"मग चुकलं कुठे?"

"चुकलं नाही. मुसळधार पावसात सिग्नल क्षीण होतो. वर्षातले पावणेनऊ तास तो मिळणार नाही, हे मी सात वर्षांपूर्वीच लिहून दिलं होतं. तेवढेही नको असते, तर जास्त ताकदीचा ट्रान्समीटर लागला असता. उपग्रहाचं वजन वाढलं असतं. म्हणून सगळ्यांनी पावणेनऊ तास मान्य केले. मीही."

"यंदा किती झाले?"

"चार तास दहा मिनिटं. ती अठरा धरून."

ती वेळापत्रक वाचावं तशी बोलत होती. वादावादी होईल म्हणून सावरून बसलेल्या अधिकाऱ्यांना हायसं वाटलं. 'सर्व काही मर्यादेत, दोष कुणाचाही नाही,' असा शेरा त्यांनी लिहिला. तिने तो वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली.

"आता खलाशाच्या घरच्यांना हे वाचून दाखवायचं आणि त्यांची सही घ्यायची, की झालं. त्यांना तीनला बोलावलंय. बाहेर कुणी आलंय का बघतो."

"बाहेर कुणी नाही," ती म्हणाली. तिने पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "तो माझा धाकटा भाऊ. वाचून दाखवू नका. सही कुठे करायची तेवढं सांगा."