गॅरेजच्या दाराला तेल

गॅरेजचं दार अर्ध्यावर अडकलं. मुलाने गाडीतून उतरून बिजागरीला बोट लावलं. बोटावर मेणासारखा पांढरा थर आला.

"बाबा, हे काय लावलंत?"

"खोबरेल," वडील म्हणाले. कॅलगरीत मुलाकडे राहायला आल्यावरचा हा त्यांचा पहिलाच हिवाळा. "शेजारी त्यांच्या दाराला तेल देत होते, थंडीच्या आधी. म्हटलं, आपलं राहायला नको. तू दमून येतोस."

सून हसली. "अहो बाबा, हे सांगलीतसुद्धा डिसेंबरात गोठतं! इथे उणे पंधरा आहे."

मग तिघंही हसली. तिने हेअर ड्रायरने थर वितळवला, मागोमाग वडिलांनी फडक्याने पुसला. दार वर गेलं.

गाडीच्या काचेशी वाकून ते म्हणाले, "बरोबर तेल कुठलं ते सांग. मी दुपारी लावतो."

"नको बाबा, मी माणूस बोलावतो. तुम्ही कशालाही हात लावू नका. मस्त आराम करा."

गाडी गेली. दार खाली आलं.

त्यांनी तेलकट फडकं साबणाने धुतलं, पिळून वाळत घातलं. थोड्या वेळाने ते काढून पुन्हा धुतलं.