चारशे ग्रॅम, अकरा टक्के

चार्जिंगची गन विजेच्या गाडीत खट्कन बसली. चार्जरच्या पडद्यावर गोल फिरू लागलं. गाडीशी संपर्क सुरू आहे. मग लाल अक्षरं. संपर्क झाला नाही.

चौथ्यांदा.

"आमच्या धाकट्या दिरांच्या लग्नाचं असंच झालं होतं," मावशी म्हणाली. "संपर्क रोज, पण बोलणी काही पुढे सरकेनात."

भाचीला हसू आलं, पण ओठ ताणले की दुखत होते. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. शेहेचाळीस किलोमीटर पुढे क्रीडासंकुल होतं, तिथे वजन उचलायची स्पर्धा. भाचीचा गट एकोणसाठ किलोचा. काट्यावर उभं राहायची वेळ चारला संपणार. पहाटे घरच्या काट्याने चारशे ग्रॅम जास्त दाखवले होते. लवकर पोहोचायचं, जाड जॅकेट घालून अर्धा तास मैदानाला फेऱ्या मारायच्या, घामावाटे तेवढं घालवायचं, असं ठरलं होतं. तो अर्धा तास आता हा चार्जर खात होता.

बॅटरी : अकरा टक्के.
वजन : चारशे ग्रॅम जास्त.

मदत क्रमांकावरचा माणूस शांत होता. मावशीला राग यावा इतका शांत. आधी गाडी लॉक करा, मग गन लावा, म्हणाला. लावली. पाचव्यांदा लाल. केबलच्या वजनाने गन खाली झुकते, जरा वर उचलून धरा, म्हणाला. भाचीने दोन्ही तळवे खाली घातले आणि धरली. रोज ऐंशी किलो डोक्यावर नेणारे हात ते. पडदा हिरवा झाला. चार्जिंग सुरू. दोघींनी श्वाससुद्धा हळूच घेतला.

अकराचे बारा टक्के व्हायच्या आत सगळं विझलं. हा चार्जर, शेजारचा, त्याच्या पलीकडचा.

फोनवरचा माणूस म्हणाला, पूर्ण स्टेशनच बंद पडलेलं दिसतंय, तासाभरात मेकॅनिक निघेल.

"निघेल," मावशी भाचीला म्हणाली. "पोहोचेल म्हणाला नाही तो."

गाडी सांगत होती एक्केचाळीस किलोमीटर जाईन. जायचं होतं शेहेचाळीस. घड्याळात दोन पन्नास.

मावशीचा वीस वर्षांचा ड्रायव्हिंग क्लास. कोणती गोष्ट गाडीचं किती खाते ते तिला तोंडपाठ. तिने एका बोटाने एसी बंद केला. एक्केचाळीसचे अठ्ठेचाळीस झाले.

"पंचावन्नच्या वर जायचं नाही. काच खाली घे, नाहीतर भाजून निघू."

बाहेर ऊन रणरणत होतं. भाचीने मागच्या सीटवरून जॅकेट ओढलं, अंगात घातलं, चेन हनुवटीपर्यंत लावली.

"काचा बंदच राहू दे मावशी."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं. गाडीला जे तारणार होतं, तेच पोरीला वितळवणार होतं. तिने स्वतःची काचही वर घेतली, अगदी शेवटची बोटभर फटसुद्धा.

बॅटरी : नऊ.
वजन : कोण सांगणार.

मागून ट्रक हॉर्न देत होते. स्कूटरवाले ओलांडून जात होते. कपाट बांधलेला एक टेम्पो शेजारून गेला. त्याचा ड्रायव्हर वाकून बघतच राहिला. भर उन्हात काचा बंद, आत दोन बायका, एकीच्या अंगात थंडीचं जॅकेट, आणि दोघी हसतायत. मावशीचा चष्मा नाकावरून घसरत होता. स्टिअरिंग साबण लावल्यासारखं झालं होतं. आयुष्यभर लोकांना हळू चालवा म्हणून ओरडले, ती सांगत होती, पण हळू जाण्यात एवढी मजा असते हे कुणी बोललं नाही मला.

बॅटरी : सहा.
वजन : जॅकेटच्या बाहीतून थेंब गळतोय.

मग उतार लागला. लांब, वळणावळणाचा. मावशीने पाय उचलला, गाडी आपल्या आपण धावू लागली, आणि आकडा उलटा फिरला.

सात.

दोघी गप्प झाल्या. दृष्ट लागू नये म्हणून.

संकुलाच्या फाटकातून गाडी शिरली तेव्हा तीन चव्वेचाळीस झाले होते.

बॅटरी : दोन.
वजन : एकोणसाठ किलो, वीस ग्रॅम.

वीस ग्रॅम जास्त. काट्यापाशी बसलेल्या बाई म्हणाल्या, वेळ आहे, चारच्या आत परत उभ्या राहू शकता. पण अंगावरून उतरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. घामही आटला होता. भाची टॉवेल गुंडाळून कोपऱ्यातल्या बेसिनवर वाकली. थुंकून वीस ग्रॅम जातात, हे या खेळातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण तोंडात वाळवंट.

मावशी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. पहिल्यांदा क्लच सोडणाऱ्या माणसाशी बोलावं, तशा आवाजात बोलू लागली.

"डोळे मीट. माझ्या हातात लिंबू आहे. पिवळं, पातळ सालीचं. सुरी ठेवली. घाई नाही. आता कापतेय. रस बोटावर आला, नखापाशी चिरलंय तिथे झोंबला. ही अर्धी फोड. तुझ्या जिभेवर पिळते. दाणे फुटतायत बघ. आता चाव."

भाची थुंकली. परत थुंकली. मग थांबेच ना.

टेबलापाशी काट्याच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं.

तीन अठ्ठावन्नला भाची काट्यावर चढली. आकडे थरथरले, पुढे गेले, मागे आले, थांबले.

एकोणसाठ. पुढे शून्य, शून्य.

बाईंनी नोंद केली. पाण्याची बाटली भाचीपुढे सरकवली. मग त्यांनी मावशीकडे पाहिलं. तिची मूठ अजून हवेत तशीच आवळलेली होती.

"बाई," त्या म्हणाल्या, "ते लिंबू आता खाली ठेवा."